थांबायची सोय केली का?

लिंबायत, सुरत
५ फेब्रुवारी

सौ. धनश्री यांस (आडनाव पोस्टमनच्या सोयीसाठी पाकिटावर लिहिलं आहे, तेवढं पुरे),

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळे खुशाल आहेत. कुणी आजारी नाही, कुणी गेलेलं नाही. तीन वर्षांपूर्वी मी चार माणसांत सांगितलं होतं की आजपासून या मुलीशी बोलणार नाही, आणि माझा शब्द म्हणजे शब्द. पण बोलणार नाही असं म्हटलं होतं. लिहिणार नाही असं म्हटल्याचं कुणालाही आठवत नाही. तुझ्या आईला दोनदा विचारून मी खात्री करून घेतली आहे.

पत्र कामाचं आहे. परवा फरसाणवाल्याकडून गाठ्या बांधून आणल्या त्या पेपरच्या तुकड्यावर एक फोटो दिसला. बंगळुरूच्या कुठल्याशा कंपनीची माणसं ओळीने उभी आणि तिसऱ्या ओळीत एका उंच माणसाच्या खांद्यामागे अर्धा चेहरा. अर्धाच होता, पण मान डावीकडे टाकून उभं राहायची ही खोड मी दहावीच्या निकालापासून बघत आलोय. खाली बातमी होती. लष्करासाठी या लोकांनी एक लहानसा उपग्रह बनवला आहे, तो जानेवारीत वर गेला, आणि मार्चअखेर त्याची परीक्षा आहे. कुणीही न हाकता तो आपल्या आपण एका दुसऱ्या वस्तूजवळ जाणार, तिच्याभोवती फिरून तिची पाहणी करणार आणि मागे येणार. ती दुसरी वस्तू म्हणजे त्याला ज्याने वर नेलं त्याच रॉकेटचा रिकामा तुकडा.

तुझी आई म्हणते, तिला याबद्दल काही माहीत नाही. ती आठवड्यातून दोनदा शेजारच्या शोभाबाईंकडे मसाला कुटायला जाते, अर्ध्या तासाने मसाल्याशिवाय परत येते आणि तिचे डोळे ओले असतात. मिरचीमुळे असेल. मी विचारत नाही.

आता माझा प्रश्न. मी बमरोलीच्या कारखान्यात तीस वर्षं मास्तर आहे, अठ्ठेचाळीस लूम माझ्या हाताखाली आहेत. यंत्राला चालायला शिकवण्यात काही मोठेपणा नाही. चालतं यंत्र योग्य वेळी थांबवणं ही खरी विद्या. एक धागा तुटला की लूम आपणहून बंद पडतो, कारण धाग्यावर लोंबणारी एक पत्ती खाली पडते. ती पत्ती गंजली की लूम खुशाल चालत राहतो, आणि कुणाचं लक्ष जाईपर्यंत दहा वार कापड नासलेलं असतं. तर तुमचं ते यंत्र दुसऱ्याच्या जवळ जाताना काही बिनसलं तर आपणहून थांबेल, अशी सोय केली का? केली नसेल तर साहेबांना सांग, आमचे वडील हेच काम करतात. कामापुरता 'वडील' हा शब्द वापरायला माझी हरकत नाही.

उत्तराची अपेक्षा नाही. पत्ता मागे आहे.

हिलाल मास्तर

ता. क. तुझ्या भावाला, योगेशला, शिरपूरकडचं एक स्थळ आलं आहे. मध्यस्थ पांडुरंगने कळवलंय की मुलीकडचे लोक न सांगता एखादा अनोळखी माणूस पाठवून गल्लीत चौकशी करतील. त्यामुळे सध्या सगळी गल्ली गोड बोलते आहे.


लिंबायत
२२ फेब्रुवारी

सौ. धनश्रीस,

उत्तर आलं नाही. मी अपेक्षा केलीच नव्हती. पोस्टमन रोज आपल्याच दारासमोर सायकलची साखळी चढवतो म्हणून मी बाहेर असतो.

आज आनंदाची बातमी आहे. चौकशीचा माणूस येऊन गेला!

कोपऱ्यावरच्या पानवाल्याने निरोप धाडला, "मास्तर, एक माणूस तुमचं घर विचारतोय, हातात फाइल आहे." मी लगेच ओळखलं. साधा शर्ट, पायात सॅंडल, डोळे चौफेर. नाव मगनभाई. गुजराती निघाला, त्याचं मला कौतुकच वाटलं. शिरपूरकरांनी ओळख पटू नये म्हणून मुद्दाम गुजराती माणूस पाठवला होता. बारा गावचं पाणी प्यालेली माणसं दिसतात.

तो म्हणाला, "फक्त थोडी पूछपरछ करवानी छे, मास्टर."

मी म्हटलं, "पूछपरछ पछी, पहेलां जमवानुं." आधी जेवण, मग प्रश्न. तुझ्या आईने खापरावरची पुरणपोळी केली. तो नको नको म्हणत होता. ड्यूटीवर आहे म्हणाला. मी म्हटलं, अशा कामाला ड्यूटी म्हणणारा माणूस मी आज पहिल्यांदा पाहतोय. मग त्याने तीन खाल्ल्या.

प्रश्न फार बारकाईचे. मूळ गाव कोणतं, इथे कधी आलात, पोलीस केस आहे का, घरात कुणाला दारूचं व्यसन? मी सगळ्याला नाही म्हटलं. मग त्याने विचारलं, परदेशात कुणी नातेवाईक, ओळखीचे? आता इथे नाही म्हटलं तर आपण अगदीच हे ठरलो असतो. मुलीकडच्यांना वाटलं असतं, गल्लीपलीकडे यांना कुणी विचारत नाही. म्हणून मी म्हटलं, आहेत ना, दुबई, अमेरिका, चीन.

चीन म्हटल्यावर त्याचं पेन थांबलं. मला वाटलं, छाप पडली. मी आणखी पुढे गेलो. पाच वर्षांपूर्वी पाण्यावर चालणारे नवे लूम बसवायला एक चिनी कारागीर आला होता, आठवतो? यंत्राजवळ बसला की अंगावर सुताचा भुगा साचेपर्यंत हलायचा नाही, म्हणून आम्ही त्याला वाल्मिक म्हणायचो. मी मगनभाईंना सांगितलं, चीनमध्ये आपला वाल्मिक आहे, मशीनचं काही अडलं की मला विचारतो. वास्तविक तो गेल्यापासून त्याचा एकही फोन नाही. पण स्थळाच्या वेळी माणूस थोडं वाढवून सांगतोच.

मग तुझा विषय निघाला. इथे मला थोडं इकडचं तिकडे करावं लागलं. बहिणीने घरात न सांगता लग्न केलं, तेही ओडिया मुलाशी, हे कळलं तर योगेशचं स्थळ दारातूनच परत जाईल. म्हणून मी म्हटलं की मुलगी शिरपूरलाच दिली आहे, जावई बँकेत आहे. मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला असते.

"संबंध केवा छे दीकरी साथे?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, उत्तम. दर आखाजीला मी स्वतः मुराळी होऊन जातो आणि तिला माहेरी घेऊन येतो. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आणि आमच्याकडे मुराळी गेल्याशिवाय मुलगी येत नाही आणि मुलगी आल्याशिवाय आखाजीचा झोका बांधत नाहीत, हे त्याला नीट समजावून सांगितलं. त्याने सगळं लिहून घेतलं. ते वाक्य मी दोनदा सांगितलं, त्याने एकदाच विचारलं होतं.

नंतर तो गल्लीत फिरला. गल्लीने लाज राखली. मार्चमध्ये होकार येईल असं दिसतंय.

आपला,
हिलाल मास्तर


लिंबायत
६ मार्च

चि. धनश्रीस,

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी केलं आहे.

काल संध्याकाळी तुझी आई शोभाबाईंकडून तुझ्याशी फोनवर बोलून आली, ती मसालाही न आणता आणि डोळेही न पुसता. चपला काढायच्या आधी सुरुवात केली. "ओ योगेशना बाप! तुम्हले काही अक्कल से का नही? तो सोयरा नव्हता, सरकारना मानूस व्हता! पोरनी नोकरी जाई आते!"

मी म्हटलं, कोण माणूस?

"तो! तीन पुरनपोया खायेल! पोरनी परीक्षा से, लष्करवाला चौकशी करी ऱ्हायनात. आनी तुम्हीन त्याले काय सांगं? चीन! वाल्मिक!" आणि ती पायरीवर बसून रडायला लागली. "पोर रडी ऱ्हायनी तठे. तीन वरीसनी मेहनत. आनी हाऊ बाप!"

तिला मी पाणी दिलं. तिने ते माझ्याच अंगावर टाकलं. त्यात गैर काही नव्हतं.

एकेक करून कळत गेलं. परीक्षेच्या वेळी लष्कराचे अधिकारी त्या खोलीत असणार, म्हणून आत बसणाऱ्या प्रत्येकाची घरापर्यंत चौकशी होते. तू फॉर्मवर नवऱ्याचं नाव सुशांत बेहेरा लिहिलंस. बापाने सांगितलं, शिरपूरचा बँकवाला. हे कमी होतं म्हणून शोभाबाईंनी सांगितलं की जावई फौजेत आहे, आणि पानवाल्याने सांगितलं की ट्रॅक्टरची एजन्सी आहे. प्रत्येकाने आपल्या परीने जावयाची किंमत वाढवली. आता सरकारी कागदावर तुला चार नवरे आहेत आणि तुझ्या बापाचा चीनमध्ये एक माणूस आहे. तुला त्या खोलीच्या दाराबाहेर बसवलं आहे, आणि वीस तारखेपर्यंत उलगडा झाला नाही तर परीक्षा तुझ्याशिवाय होईल. ज्या यंत्राला थांबायचं कसं हे तू शिकवलंस, असं आई म्हणाली, ते यंत्र तुझ्याशिवाय थांबेल किंवा थांबणार नाही.

हे मला आईकडून कळलं. म्हणजे माझ्या पहिल्या पत्रातला प्रश्न तुझ्याच कामाचा होता. आणि मी तुला शिकवत बसलो.

आई म्हणाली, तुझा निरोप एवढाच आहे: "आबांना सांग, खरं काय ते लिहून द्या."  शिव्या दिल्या असत्यास तर बरं वाटलं असतं.

धनू, खरं लिहून द्यायला मी तयार आहे. पण खरं लिहायचं म्हणजे काय काय लिहायचं, याचा विचार करत मी काल बराच वेळ बसलो. पहिलं खरं हे की तो फोटो गाठ्यांच्या कागदावर नव्हता. पेपर मी विकत घेतला, पाच प्रती. एक माझ्या खिशात आहे, एक कारखान्यात लूमच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली आहे, बाकीच्या कुठे आहेत ते आईला ठाऊक आहे.

दुसरं खरं हे की राग जातीचा नव्हता असं मी लोकांना सांगतो, पण थोडा होता. जास्त राग वेगळा होता. सुशांतचा बाप माझ्याच कारखान्यात लूम चालवतो. बेहेरा आणि मी वीस वर्षं एकाच किटलीचा चहा प्यायलो. तुमचं लग्न होणार हे बेहेराला आठ दिवस आधी ठाऊक होतं, आणि मला तुझ्या चिठ्ठीवरून कळलं. तू त्याला सांगितलंस आणि मला नाही. माझ्याकडून नाही हेच उत्तर येणार, हे तुला ठाऊक होतं, म्हणून तू विचारलंच नाहीस. हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणूनच जास्त लागलं.

बेहेराशी तेव्हापासून अबोला आहे. अठ्ठेचाळीस लूमच्या खडखडाटात तसंही कुणी कुणाशी बोलत नाही, सगळं खुणांवर चालतं, त्यामुळे तीन वर्षांत आमचा अबोला कुणाच्या लक्षातही आलेला नाही. आता सरकारी कचेरीत लग्नाचं खरं सांगायला दोन्ही बाप लागतील असं दिसतंय.

तुझा,
आबा


लिंबायत
१४ मार्च

धनू,

काल जाऊन आलो. क्रमाने सांगतो.

बुधवारी पाळी सुरू झाल्यावर मी बेहेराच्या लूमपाशी गेलो. आपल्याकडे खुणा सगळ्याला आहेत. दोन बोटं चिमटीत धरून सोडली की धागा तुटला. डोक्यावर थाप मारली की मास्तरला बोलवा. अंगठा तोंडाकडे नेला की चहा. पण तीस वर्षांत 'माझं चुकलं' याची खूण कुणी काढली नाही, कारण कारखान्यात चूक नेहमी दुसऱ्या पाळीच्या माणसाची असते. मी आधी हाताचं तेल पुसलं. मग छातीवर हात ठेवला आणि मूठ आवळून खाली ओढली. ही खूण लूम बंद पडला याची आहे. म्हणजे एकूण अर्थ, लूम माझ्यामुळे बंद पडला.

बेहेराने माझ्याकडे बघितलं. त्याचा एक धागा तुटला होता, तो त्याने आधी जोडला. मग अंगठा तोंडाकडे नेला.

चहाच्या टपरीवर तो म्हणाला, "मास्टर, तीन साल से दो गिलास मँगाता हूँ. एक ठंडा हो जाता है." एवढंच. मी घोटभर चहा घेतला आणि दुसऱ्या बाजूला बघत बसलो, कारण चहा फार गरम होता.

शुक्रवारी दोघे रजा टाकून अठवा लाइन्सला मगनभाईंच्या कचेरीत गेलो. बेहेराने सुशांतच्या लग्नाचा कागद आणला होता, प्लास्टिकच्या पिशवीत, इस्त्री केल्यासारखा. मी काही आणलं नव्हतं. माझ्याकडे काही नव्हतंच.

मगनभाईंनी फाइल उघडली आणि माझ्याकडे असं बघितलं की मी पुरणपोळीच्या उपकाराची आठवण द्यायचा बेत रद्द केला.

"हिलालभाई," ते म्हणाले, "दीकरी एक, ने जमाई चार. ने चीनमां आ वाल्मिक कोण छे?"

वाल्मिकचं समजावून सांगायला पाऊण तास लागला. सुताचा भुगा, वारूळ, ऋषी, पाण्यावरचे लूम, सगळं. शेजारच्या टेबलावरचे साहेब खुर्ची सरकवून ऐकायला आले. शेवटी बेहेराने साक्ष दिली की तो चिनी कारागीर महिनाभर होता, त्याला मिरची चालत नव्हती, आणि गेला तेव्हा माझी पानाची डबी चुकून घेऊन गेला. मगनभाईंनी ते सगळं लिहिलं. "पानाची डबी" लिहिताना ते फाइलवर फार खाली वाकले, हसू आवरत होते की राग, मला कळलं नाही. मग दुबई आणि अमेरिकेची पाळी आली. मी म्हटलं, तिथे कुणी नाही, ती भरतीची नावं होती.

"ने तमारी पुरणपोळी," ते म्हणाले, "मारे ए पण रिपोर्टमां लखवी पडी." मी माफी मागितली. ते म्हणाले, सारी हती, म्हणजे छान होती.

मग जावई खोडायचं काम सुरू झालं. बँकवाला खोडला. फौजी खोडला. ट्रॅक्टरवाला खोडला. सुशांत बेहेरा राहिला, त्याच्याखाली दोन्ही बापांनी सही केली. आयुष्यात पहिल्यांदा मी ते नाव स्वतःच्या हाताने लिहिलं. फार अवघड नव्हतं.

त्यांनी खरं काय ते माझ्या शब्दांत लिहायला सांगितलं. मी लिहिलं: माझ्या मुलीने तीन वर्षांपूर्वी स्वतःच्या पसंतीने लग्न केलं. मी त्या लग्नाला गेलो नाही. त्यानंतर मी तिच्याशी बोललो नाही. तिने काही लपवलेलं नाही, खोटं सगळं मी बोललो. ती लहानपणापासून खोटं बोलत नाही, एकदा चिठ्ठी लिहून गेली तेव्हाही तिने खरंच लिहिलं होतं.

मगनभाई ओळीओळीने तपासत होते. शेवटी एक ओळ राहिली. त्यांनी बोट ठेवलं. दर आखाजीला मी स्वतः मुराळी होऊन तिला आणायला जातो.

"आ पण खोटुं ने?" त्यांनी पेन उचललं.

मी त्यांचा हात धरला. सरकारी माणसाचा हात असा धरायचा नसतो, बेहेराने मागून माझा शर्ट ओढला. मी म्हटलं, "साहेब, आ रहेवा दो. आखाजी हजु आवी नथी."

"पण 'दर वर्षे' लख्युं छे."

"तो 'आ वर्षथी' लखो."

त्यांनी माझा हात बाजूला केला. त्यांनाही मुलगी असावी, मी विचारलं नाही. त्यांनी 'दर' च्या आधी बारीक अक्षरात 'आ वर्षथी' लिहिलं. म्हणजे या वर्षापासून दर वर्षी. आता हे सरकारदरबारी जमा आहे. खोटं निघालं तर गुन्हा होईल.

आखाजी १९ एप्रिलला आहे. मी हे तुला कळवतो आहे, विचारत नाही. पण तू नको म्हणालीस तर येणार नाही.

आबा

ता. क. शिरपूरकरांनी नकार कळवला. त्यांचा खरा माणूस आला तेव्हा गल्ली घाबरलेली होती, कुणी तोंडच उघडलं नाही. योगेश म्हणतो, बरं झालं, मुलीला रात्रंदिवस गाणी म्हणायची सवय होती म्हणे.


बंगळुरू
२ एप्रिल

आबा,

तुमची चारही पत्रं एका रबरबँडमध्ये आहेत. पहिल्यावर मी रागावले होते, दुसऱ्यावर हसले होते, कारण मगनभाई कोण हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तिसरं मी त्या खोलीच्या दाराबाहेर बसून वाचलं.

मला एकोणीस तारखेला आत घेतलं. आत काय झालं ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. तुम्ही वाल्मिकला सांगाल. पेपरात आलंय तेवढंच लिहिते. ते आपणहून निघालं. कुणी हाकलं नाही. त्या रिकाम्या तुकड्याजवळ पोचायच्या थोडं आधी त्याला काहीतरी बरोबर वाटलं नाही, तो तुकडा अंदाजापेक्षा जास्त गरगरत होता. मग ते थांबलं. खोलीत सगळे म्हणाले, संपलं, बिघडलं. मी म्हटलं, थांबू द्या, त्याला बघू द्या. एक पूर्ण फेरी ते लांबून बघत राहिलं. आणि मग आपणहून पुढे गेलं.

तुमच्या पहिल्या पत्रातल्या प्रश्नाचं उत्तर: केली आहे. बारावीच्या सुट्टीत तुम्ही मला कारखान्यात नेऊन ती पत्ती दाखवली होती. तुम्ही विसरलात, मी नाही.

तुम्हाला न सांगता गेले, ते चुकलं. तुम्ही नाही म्हणाला असतात, तरी सांगायला हवं होतं.

आखाजीबद्दल मी काही लिहीत नाही. सरकारी कागद आहे, मी कोण मोडणार.

धनश्री


बंगळुरू, तुझ्या इमारतीखालचा बाक
१६ एप्रिल, सकाळ

धनू,

हे पत्र टपालात टाकणार नाही. पोस्टमनवर माझा विश्वास आहे, पण सायकल त्याची फार बिघडते.

आम्ही सात वाजता स्टेशनवर उतरलो. आम्ही म्हणजे मी आणि बेहेरा. मुराळी होऊन निघालो आणि सोबत मुलीच्या सासऱ्यालाच घेऊन निघालो, असं खानदेशात कुणी केलं नसेल. गाडीत एका म्हाताऱ्याने विचारलं, कुठे निघालात? मी सांगितलं, मुलीला आणायला. तो म्हणाला, आणि हे कोण? मी म्हटलं, हे मुलीला माझ्या ताब्यात द्यायला निघालेत. त्याने जागा बदलली.

तुझं पत्र मी बेहेराला वाचून दाखवलं, हिंदी करून. तो रिकामा तुकडा, ज्याने उपग्रहाला खांद्यावर बसवून वर नेलं आणि मग जो नुसता गरगर फिरत राहिला, त्याच्यापाशी आल्यावर बेहेराने माझ्याकडे बघितलं. मी त्याला म्हटलं, पुढचं ऐक. पण मला कळलं होतं. तू लिहिताना ठरवून लिहिलंस की नाही ते विचारणार नाही.

आता आम्ही इथे आहोत आणि पाऊण तास झाला. मला वाटलं होतं, सरळ वर जाऊन बेल वाजवायची. प्रत्यक्षात मी इमारतीभोवती तीन फेऱ्या मारल्या आहेत. चौथ्या मजल्यावर तुझी गॅलरी दिसते. निळा टॉवेल वाळत आहे आणि तुळस आहे, तुळशीला पाणी कमी पडतंय. पहारेकऱ्याने विचारलं, किसका घर ढूँढ रहे हो? मी म्हटलं, ढूँढ नहीं रहा, देख रहा हूँ. त्यानंतर तो माझ्या मागोमाग फिरतोय. मी त्याला समजावलं की लष्कराची यंत्रंसुद्धा आधी एक फेरी लांबून बघतात. त्याने फोन काढला, तेव्हा बेहेराने त्याला तंबाखू दिली. लष्कराचं नाव घेऊन मी आणखी एक चौकशी सुरू केलेली नाही, असं धरून चालतो.

खरं सांगायचं तर मला भीती वाटते. तू दार उघडशील, आणि मी काय बोलू? तीन वर्षं जे बोलायचं साठवलं ते सगळं पत्रांत लिहून संपलं. तोंडी काही उरलंच नाही. आणि शब्द दिला आहे की बोलणार नाही, तोही चार माणसांत दिलेला. म्हणून हे पत्र लिहितोय. दाराखालून सरकवतो. तू वाच, मग दार उघड. किंवा आधी उघड, मग वाच.

बेहेरा बाकावरून उठला आहे. लांबून मला खूण करतोय. हाताचा पंजा पुढे ढकलतोय, ही आपल्याकडे चालू करायची खूण. दुसरा हात तोंडाकडे, अंगठा. म्हणजे चालू कर, चहा पाहिजे.

पिशवीत तुझ्या आईने बांधलेली पुरणपोळी आहे, सुशांतसाठी वेगळी. आखाजी झाली की त्याने तुला न्यायला लिंबायतला यायचं, असा रिवाज आहे. त्याला सांग, गल्लीत कुणी विचारलं तर बँकेत नाही, फौजेत नाही, ट्रॅक्टरही नाही, खरं काय ते सांगायचं. झोका योगेशने परवाच बांधला आहे, तू येण्याआधी बांधायचा नसतो, पण त्याला कुणी थांबवू शकलं नाही.

लिफ्टमध्ये आलोय. चौथा मजला. दारावर दोन्ही नावं आहेत. बेहेरा माझ्या मागे उभा आहे आणि माझा शर्ट धरून आहे, मी परत फिरू नये म्हणून.

बेल दाबतो. दार उघडलंस की माझा शब्द मोडणार आहे, तेवढं चार माणसांना माझ्यातर्फे कळव. आणि चहा ठेव, बेहेराच्या कपात साखर कमी.

आबा